पाण्याकाठचं जुनं घर दुरुस्त करायला घेताय? पहार उचलण्याआधी हे वाचा

समुद्राच्या, खाडीच्या किंवा नदीच्या काठावरचं जुनं घर ताब्यात आलं की बहुतेकांची पहिली घाई एकच असते. पोपडे धरलेला गिलावा झोडून काढायचा, भिंती सिमेंटने लिंपून घ्यायच्या, वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारायचे आणि लवकरात लवकर राहायला जायचं. असं करू नका, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. आम्ही असं एक घर पायापासून आढ्यापर्यंत दुरुस्त करून त्यात राहतो आहोत आणि या कामात पडलेल्या इतरांशीही सतत बोलत आलो आहोत. काठावरच्या घरात पाणी शिरतंच. त्याच्या येण्याच्या वाटा कमी करायच्या आणि जे आत आलं त्याला बाहेर पडायला वाट मोकळी ठेवायची, एवढं धरून चाललात तर पुढचे निर्णय सोपे होतात. भिंत कोंडून टाकलीत तर तीच भिंत दर वर्षी पुन्हा काम काढते.

खालचा क्रम विचार करून लावला आहे. जमीन आणि पाणी आधी, मग छप्पर, मग भिंती, मग लाकूड आणि लोखंड. रंग सगळ्यात शेवटी. क्रम बदलला की केलेलं काम उकरून पुन्हा करावं लागतं.

१. सही करण्याआधी: कागद आणि हद्द

जुन्या घराचे कागद तपासा, हे सगळेच सांगतात. काठावर त्यात एक भर पडते: काठ हलतो. जुन्या मोजणीत पाण्यापासून चांगली लांब दाखवलेली हद्द आज पाण्यात गेलेली असू शकते. उलट गाळ साचून पुढे आलेली जमीन 'तुमचीच आहे' असं कुणी तोंडी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

एवढे कागद हातात हवेत:

- मालकीचा दस्त आणि आधीच्या हस्तांतरणांची साखळी. एखाद्या वारसाची सही राहिलेली नाही ना, हे वकिलाकडून बघून घ्या.
- ताजी मोजणी, तीवर भरतीची रेषा किंवा पूररेषा आखलेली.
- किनारपट्टीचे किंवा पूरक्षेत्राचे नियम घराला कसे लागू होतात, याचं लेखी उत्तर.
- घर वारसा यादीत असेल तर त्याच्या अटी.
- संरक्षक भिंत, धक्का, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या कुणाच्या मालकीच्या आहेत आणि त्यांची देखभाल कुणी करायची.
- विम्याचं लेखी कोटेशन. पूर, वादळ आणि जमिनीची धूप ही तीन नावं त्यात वेगवेगळी शोधा. पहिली दोन असतात आणि तिसरं नसतं, असं पुष्कळदा होतं.
- आधीच्या दुरुस्त्यांची बिलं आणि जुने फोटो.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांतला फरक. बऱ्याच ठिकाणी काठाजवळचं उभं घर दुरुस्त करायची मुभा असते, पण तेच पाडलं की नव्या घराचे नियम लागतात आणि त्या जागी पुन्हा बांधता येत नाही. त्यामुळे 'ही भिंत पाडून नवीच घेऊ' असं गवंडी म्हणाला तरी लेखी परवानगी हातात पडेपर्यंत एकही भिंत जमिनीला लावू नका. कामाआधी घराच्या चारही बाजूंचे, तारखेसह, भरपूर फोटो काढून ठेवा. पुढे वाद झाला तर तेच कामी येतात.

२. निदान एक वर्ष घराकडे नुसतं बघा

हा सल्ला कुणालाच आवडत नाही, तरी देतो. सगळे ऋतू एकदा घरावरून जाऊ द्या. दरम्यान गळती थांबवणं, धिरे लावणं, दारंखिडक्या बंद होतील एवढं करणं, इतकंच तातडीचं काम करा.

समुद्रकाठी असाल तर अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती येते. त्यातही बऱ्याच किनाऱ्यांवर मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास, ती सगळ्यात मोठी असते. तुमच्याकडे ती कधी येते, हे स्थानिक भरतीच्या तक्त्यात बघा. त्या दिवशी घरी थांबा. पाणी कुठवर आलं, कुठल्या बाजूने आलं, परत जायला किती वेळ लागला, हे वहीत लिहा आणि जोत्यावर खुणा करा. नदीकाठी पुराच्या जुन्या रेषा शोधा. पुराचा गाळ बारीक असतो आणि तो दाराच्या चौकटीमागे, कपाटामागे, फळीच्या फटीत बसून राहतो. वरवर रंगवलेल्या घरातही एखादी फळी काढली की मागे पाण्याची आडवी रेघ दिसते.

मूळ बांधणाऱ्यांनी पाण्यासाठी काय योजना केली होती, हेही याच वर्षात शोधा. ती बहुतेक घरांत असते. व्हेनिसमधल्या जुन्या इमारतींत पाण्यालगतचे थर इस्त्रिया या प्रदेशातल्या घट्ट, पाणी न पिणाऱ्या चुनखडकाचे असतात आणि वीटकाम त्याच्या वर सुरू होतं. दगडाची ती पट्टी ओल अडवते. आता तिथलं पाणी पूर्वीपेक्षा वर चढत असल्यामुळे ते दगड ओलांडून विटांना लागतं आणि विटा खारट होऊन भुगा होतात. (४ नोव्हेंबर १९६६ रोजी तर तिथल्या मोजणीच्या शून्यरेषेपेक्षा पाणी १९४ सेंटिमीटर चढलं होतं.) तुमच्या घरातही हेच झालेलं असू शकतं, फक्त उलट्या बाजूने. पाणी तेवढंच राहिलं, पण बाहेरच्या अंगणात वर्षानुवर्षं भराव पडत गेला, फरशी बसली, आणि दगडी जोतं मातीखाली गेलं. मग ओल सरळ विटेत शिरते. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली हवी. नसेल तर उकरून खाली न्या. फावड्याचं काम आहे, स्वस्तात होतं, आणि त्याने जेवढी ओल जाते तेवढी महागड्या रसायनांनी जात नाही.

३. पाया आणि काठ: इथे स्वतःचं डोकं चालवू नका

पायाच्या बाबतीत जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा. फक्त नव्या काँक्रीटच्या इमारती केलेला माणूस बहुधा सगळं पाडायलाच सांगेल. त्याच्या देखरेखीखाली पायाशेजारी एक-दोन चाचणीचे खड्डे खणून घ्या. पाया किती खोल आहे, कशावर टेकला आहे, खाली पाणी कुठे लागतं आणि लाटांनी माती वाहून पोकळी झाली आहे का, हे त्यातून कळतं.

घर लाकडी खांबांवर उभं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. कायम पाण्याखाली असलेलं लाकूड सहसा कुजत नाही, कारण कुजवणाऱ्या बुरशीला लागणारा प्राणवायू तिथे नसतो. आम्सटरडॅमचा सतराव्या शतकातला राजवाडा १३,६५९ लाकडी खांबांवर आजही उभा आहे तो त्यामुळेच. धोका असतो तो भिजतं-सुकतं त्या पट्ट्यात. भूजल खाली गेलं आणि खांबांची डोकी उघडी पडली की कुज सुरू होते. खाऱ्या पाण्यात आणखी एक शत्रू आहे, लाकूड पोखरणारा टेरेडो. दिसतो किड्यासारखा, पण असतो शिंपल्याच्या कुळातला. १७३० च्या दशकात त्याने नेदरलँड्सच्या बंधाऱ्यांचं लाकूड असं पोखरलं की तिथे दगडी अस्तराकडे वळावं लागलं. वरून खांब शाबूत दिसतो आणि आतून चाळण झालेला असतो. म्हणून नुसतं बघून निर्णय घेऊ नका, टोचून आणि ठोकून बघा.

भिंतीतल्या भेगांची भीती वाटते, पण जुनी, थांबलेली भेग त्रास देत नाही. वाढणारी देते. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाकणं त्याहून सोपं. वर्षभर थांबा म्हटलं त्याचं हेही एक कारण.

आणि घर वाचवायला उंच काँक्रीटची संरक्षक भिंत बांधायचा मोह होईल. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत फिरताना भिंतीच्या पायथ्याची वाळू उपसून नेते आणि टोकाशी शेजाऱ्याचा किनारा खाते. परवानगीशिवाय आणि जाणकाराशिवाय या कामाला हात लावू नका.

४. छप्पर आणि पन्हळी

छप्पर भिंतींआधी. वरून पाणी येत असेल तोवर भिंत सुकणार नाही आणि ओल कुठून येते हेही कळणार नाही.

गळक्या कौलांपेक्षा जास्त दुर्लक्ष होतं ते पन्हळी आणि उताराच्या पाइपांकडे. भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात का, पन्हळ कुठे तुंबून भिंतीवर ओसंडते, खाली पडलेलं पाणी उडून जोतं भिजवतं का, हे तेव्हाच दिसतं. काठावर वारा छपराला खालून उचलतो. म्हणून वासे भिंतीवर नुसते टेकलेले न ठेवता पट्ट्यांनी भिंतीशी बांधून घ्या आणि वळचणीच्या कडेची कौलं पक्की करा.

५. ओल: आधी निदान, मग उपाय

या पायरीवर सर्वाधिक पैसे वाया जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

ओल पाच वाटांनी येते: वरून गळती, बाहेरून पावसाचा मारा, जमिनीतून वर चढणारी, फुटक्या नळाची, आणि हवेतला दमटपणा थंड भिंतीवर धरून. समुद्रकाठी सहावी वाट आहे, आणि ती ठाऊक नसेल तर बाकी सगळं निदान चुकतं. ती म्हणजे मीठ.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तुषार, खारी हवा, कधी भरतीचं पाणी, यांतून ते वर्षानुवर्षं भिंतीत मुरतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की भिंतीतलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि भिंत ओली दिसते. छप्पर नीट, नळ नीट, बाहेर कोरडं, तरी भिंतीवर काळपट डाग, तो यामुळे. हवा कोरडी झाली की मिठाचे स्फटिक बनतात. ते गिलाव्याच्या आणि विटेच्या बारीक छिद्रांत फुगतात आणि कण सुटे करतात. पुन्हा दमट, पुन्हा कोरडं, असं चालू राहतं. रात्री दिवा घालवून टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा धरा. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीवर फुगवटे आणि केसांसारखे उभे पांढरे तंतू दिसतील. अंगठ्याने दाबलं की गिलाव्याची पापडी आत जाते आणि मागून कोरडी पूड गळते. हाच लोणा.

घरच्या घरी करायच्या तपासण्या:

- फुटभर चौरस प्लॅस्टिक किंवा ॲल्युमिनियमची फॉइल भिंतीवर चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूला थेंब धरले तर हवेतला दमटपणा, भिंतीच्या बाजूला धरले तर भिंतीतली ओल.
- डागाची उंची बघा. जमिनीतून चढलेली ओल बहुधा मीटरभराच्या आसपास थांबते आणि तिची वरची कड आडवी असते. त्याहून वर, एकाच कोपऱ्यात डाग असेल तर छप्पर किंवा पन्हळ तपासा.
- पावसानंतर लगेच वाढतो, की दमट हवेत पाऊस नसतानाही वाढतो, हे वहीत लिहा.

मॉइश्चर मीटर घ्या, पण त्याच्या आकड्याला शरण जाऊ नका. दोन टोकांचा मीटर विजेच्या वहनावरून ओल मोजतो, आणि मिठाने वहन वाढतं. त्यामुळे खारट भिंतीत आकडा नेहमीच भडक येतो. भिंतीला मीटर टोचून, लाल दिवा दाखवून, भोकं पाडून रसायन भरण्याचं मोठं कोटेशन देणारे लोक तुम्हाला भेटतील. 'आधी भिंतीचा नमुना काढून तो सुकवून, वजन करून खरी ओल आणि क्षार किती ते सांगा' एवढंच म्हणा. मग ठरवा.

क्षार काढायचे कसे? पहिलं म्हणजे भिंत पाण्याने धुऊ नका. धुतलं की मीठ विरघळून आणखी आत जातं. मऊ, कोरड्या ब्रशने लोणा झाडा आणि तो व्हॅक्यूमने किंवा कागदावर गोळा करून घराबाहेर टाका. भिंतीच्या बुडाशी पडू दिला तर परत आत शोषला जातो. फार खारट भागावर कागदाचा लगदा आणि माती गोड्या पाण्यात कालवून त्याचा जाड लेप द्या. लेप सुकताना भिंतीतलं मीठ स्वतःकडे ओढतो. पूर्ण सुकला की सोलून काढायचा आणि पुन्हा नवा द्यायचा. मेहनतीचं काम आहे आणि मीठ संपूर्ण कधीच जात नाही, पण भिंत शांत होते. लेपानंतर वर चुन्याचा भुसभुशीत गिलावा द्या, काही वर्षांनी काढून टाकायच्या तयारीने. उरलेलं मीठ त्यात जमतं आणि मागची वीट वाचते.

आणि सुकायला वेळ द्या. जाड भिंत महिन्याला साधारण २५ मिलिमीटर सुकते, असा ठोकताळा आहे. अर्धा मीटर जाडीची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी तिला दहाएक महिने लागतात. हीटर लावून घाई केली तर पृष्ठभागावर एकदम क्षार येऊन गिलावा उडतो. खिडक्या उघड्या, हवा खेळती, बस.

६. चुना वापरा

जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं ते १८२४ साली, आणि साध्या घरांपर्यंत ते पोचायला त्यानंतर पुष्कळ काळ गेला. तुमचं घर जुनं असेल तर ते बहुधा चुन्यात किंवा मातीत बांधलेलं आहे. अशी भिंत किंचित हलते, ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा टणक थर दिला की ओल आत अडकते आणि बाहेर यायला मऊ विटेची वाट धरते. काही वर्षांनी सिमेंट जागच्या जागी राहतं आणि त्यामागची वीट खपली होऊन पडते. जुन्या भिंतीत नवा सांधा नेहमी दगड-विटेपेक्षा मऊ हवा, म्हणजे झिजायचं ते तो झिजेल आणि वीट टिकेल.

आधीच्या कुणी सिमेंट लावलेलं असेल तर ते काढताना ब्रेकर वापरू नका. छोटी छिन्नी आणि हातोडी, एका वेळी थोडंच. सिमेंट विटेला घट्ट धरून बसलं असेल आणि काढताना वीटच येत असेल तर तेवढा भाग सोडून द्या.

दरजा भरण्यासाठी आणि गिलाव्यासाठी नेहमीचं प्रमाण एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग वाळू. वाळू टोकदार कणांची, धुतलेली, गोड्या पाण्यातली. दारातली समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून कधीही वापरू नका. भिंतीत मीठ स्वतःच्या हाताने भरल्यासारखं होईल. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्यामुळे सतत ओल्या जागी तो धरत नाही. अशा ठिकाणी विटांची बारीक पूड, म्हणजे सुरखी मिसळा, किंवा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, म्हणजे ओलीतही घट्ट होणारा चुना वापरा. तो २, ३.५ आणि ५ अशा तीन ताकदींत मिळतो. घराच्या भिंतींना बहुधा मधला पुरतो. 'जास्त ताकद ती चांगली' हे इथे चालत नाही. रोमन लोक इटलीतल्या पोत्सुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून समुद्रात धक्के बांधत, तेही चुना ओल्या जागी धरावा म्हणूनच.

कामाच्या चार गोष्टी. गिलाव्याआधी भिंत गोड्या पाण्याने हलकी ओलसर करा, नाहीतर ती चुन्यातलं पाणी पिऊन टाकते. थर पातळ द्या आणि आधीचा थर धरल्याशिवाय पुढचा नको. कडक ऊन आणि जोराचा वारा असेल तर ओलं गोणपाट लावून ठेवा. कळीचा चुना भिजवताना त्याला उकळी फुटते आणि थेंब उडतात. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय जवळ जाऊ नका. डोळ्यात चुना जाणं म्हणजे दृष्टीशी गाठ आहे. गेलाच तर खूप वेळ स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि तडक डॉक्टरकडे जा.

शेवटचा हात चुन्याच्या सफेदीचा. दुधाइतकी पातळ कालवा आणि चार-पाच पातळ हात द्या. ओली असताना ती जवळजवळ पारदर्शक दिसते आणि नवखा माणूस घाबरून जाड थर मारतो. थांबा, सुकताना ती पांढरी होते.

७. लाकूड: काढण्याआधी टोचून बघा

लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी सहसा वाढत नाही. म्हणून औषध फवारण्याआधी ओल तोडा. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं, उंबरे आणि खिडक्यांच्या खालच्या आडव्या पट्ट्या या जागा आरीने, म्हणजे टोच्याने, टोचून बघा. मधला भाग टणक आणि फक्त टोक कुजलेलं असेल तर अख्खी तुळई बदलू नका. कुजका भाग छाटून, त्याच जातीच्या सुक्या लाकडाचा तुकडा तिरप्या लांब सांध्याने जोडता येतो. कुशल सुतार मिळवा आणि त्याला घाई करू नका. वाळवी आणि भुंग्यासाठी बोरेटची औषधं कोरड्या लाकडात चांगली चालतात, पण पावसात भिजणाऱ्या लाकडातून धुऊन जातात.

छप्पर उतरवावं लागलं तर प्रत्येक वाशाला क्रमांक घाला. आमच्या घरात वासे उतरवताना सांध्यांजवळ पटाशीने कोरलेल्या छोट्या उभ्या-तिरप्या रेघा सापडल्या. मूळ सुताराने खाली जुळवणी करून, कुठला वासा कुठे बसतो त्याच्या खुणा केलेल्या होत्या. त्या वाचता यायला लागल्यावर आमच्या सुताराने एक वासा हातात घेऊन खूण दोनदा बोटाने चाचपली आणि न मोजता तो बरोबर जागी बसवला. तुमच्याकडेही अशा खुणा असू शकतात. रंधा मारण्याआधी शोधा आणि फोटो काढून ठेवा.

जुना रंग घासण्याआधी त्यात शिसं आहे का, ते तपासून घ्या. कोरडा सँडपेपर मारून ती धूळ घरभर उडवू नका, विशेषतः घरात मुलं असतील तर. ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते स्वतः फोडू किंवा कापू नका.

८. लोखंड आणि इतर धातू

गंजताना लोखंड मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगतं. दगडात बसवलेला एक गज किंवा आकडा गंजला की दगड फुटतो, आणि काँक्रीटच्या जुन्या छज्जातली सळई काँक्रीट उडवते. काढता येतील तेवढे असे तुकडे काढा.

नवे स्क्रू, बिजागऱ्या, पट्ट्या घेताना नुसतं 'स्टेनलेस' हा शब्द पुरेसा नाही. ३०४ प्रतीचं स्टील खाऱ्या हवेत तांबूस डागाळतं आणि त्याला खड्डे पडतात. ३१६ मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते खारेपणाला जास्त तोंड देतं. स्क्रूंवर त्याची खूण ए-४ अशी असते. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागू देऊ नका, खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. पितळी कडी-कोयंडे मात्र जुने असले तरी ठेवा. साफ केले की पुन्हा चालू लागतात.

९. वीज, पाणी, मैला

जुनं वायरिंग पूर्ण बदला. सॉकेट आणि बोर्ड तुम्ही नोंदवलेल्या सर्वोच्च पाण्याच्या खुणेच्या वर घ्या आणि वायर वरून खाली आणा, खालून वर नको. विजेची गळती झाली की तुटणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर हवाच. ओल्या भिंतींच्या घरात त्याशिवाय राहू नये.

सेप्टिक टँकबद्दल फार कुणी सांगत नाही. भूजल वर असताना टाकी पूर्ण उपसली तर ती रिकामी होऊन जमिनीतून वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. उपसा कोरड्या दिवसांत करा. विहीर असेल तर तिचं पाणी वर्षातून दोन वेगळ्या मोसमांत तपासून घ्या. ते खारं निघालं तर भिंती-गिलाव्याच्या कामाला वापरायचं नाही.

१०. माणसं, पैसा आणि हातात ठेवायची हत्यारं

चुन्यात काम केलेला गवंडी शोधायला वेळ लागतो. 'येतं मला' यावर थांबू नका, त्याने पाच-सात वर्षांपूर्वी केलेली भिंत बघायला जा. मग तुमच्याच घरात, मागच्या बाजूला, एक चौरस मीटरचा नमुना करून घ्या. पटलं तर पुढे. मोठं कंत्राट एकदम देऊ नका. छपराचं वेगळं, भिंतींचं वेगळं. एकूण अंदाजाच्या वर एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा, असं मी म्हणेन. भिंतीच्या आत काय आहे, हे उघडल्याशिवाय कुणालाच माहीत नसतं.

स्वतःजवळ ओळंबा, पाणसळ, आरी, चांगला टॉर्च, आर्द्रतामापक, मऊ ब्रश, छोटी छिन्नी आणि तारखांची वही ठेवा. यांतली सगळ्यात जास्त उपयोगाला येते ती वही.

मूळ काय जपायचं आणि नवं काय घालायचं, यावर घरात वाद होतील. संवर्धनाच्या क्षेत्रात १९६४ची व्हेनिस सनद मानली जाते. तिचा एक नियम घरालाही चांगला लागू पडतो: जिथून अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबवावी. जुनं कसं होतं याचा पुरावा नसेल तर नक्षीदार जुन्यासारखं काही करत बसू नका. साधं, नीट, नवं दिसेल असं करा. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ते काढता येईल, असं मात्र करा.

११. हे सगळं कशासाठी

कारण या कामाचं फळ हाताला लागतं. कुबट वास जातो, आणि तो गेल्याचं आधी बाहेरून येणाऱ्याला कळतं. चुन्याची भिंत दमट दिवसात हवेतला ओलावा थोडा घेते आणि कोरड्या दिवसात सोडते, त्यामुळे खोलीतली हवा जड होत नाही. फुगून अडकणारं दार एका बोटाने लागतं. घराच्या प्रत्येक सांध्याशी ओळख झालेली असते, त्यामुळे वादळाची सूचना आली की कुठली खिडकी आधी बंद करायची आणि कुठल्या पन्हळीत हात घालून बघायचं, हे विचारावं लागत नाही. आणि या कामात जोडलेली माणसं राहतात. आमचा गवंडी अजूनही येता-जाता त्याच्या भिंतीवर तळहात ठेवून बघतो आणि समाधानाने मान हलवतो.

मनाचा एक पडता काळ येतो, तो मात्र आधीच सांगून ठेवतो. छप्पर झालेलं असतं, पैसे संपत आलेले असतात, भिंती उघड्या असतात आणि दिसण्यासारखं काहीच होत नसतं, कारण भिंत सुकत असते. बहुतेक लोक याच वेळी कंटाळून सिमेंट आणि रंग मारून मोकळे होतात. त्या काळात एक खोली, सगळ्यात कोरडी असेल ती, पूर्ण करून घ्या आणि तिच्यात राहा. बाकीचं काम तिथून बघत पुढे न्या.

१२. राहायला गेल्यावर दर वर्षी

- पावसाळी मोसमाआधी पन्हळी साफ करा, सुटी कौलं बसवा, उताराचे पाइप पाणी ओतून बघा.
- खाऱ्या वाऱ्याचा मोसम संपला की काचा, बिजागऱ्या आणि बाहेरचे धातू गोड्या पाण्याने पुसून घ्या. चुन्याच्या भिंतींवर होज मारू नका.
- खिडक्यांचा रंग उडालेल्या जागी लगेच हात द्या. बोटभर उघडं लाकूड एका मोसमात कुजायला लागतं.
- जोत्याभोवती माती, कुंड्या, लाकडांची रास भिंतीला टेकू देऊ नका.
- सर्वात मोठ्या उधाणाच्या दिवशी पाण्याची खूण पुन्हा तपासा आणि तारखेसह लिहा.
- चुन्याची सफेदी दर काही वर्षांनी. ती झिजते, आणि तिच्याबरोबर मीठही निघून जातं.
- वही, फोटो, चुन्याचं प्रमाण, कुठली तुळई कधी जोडली, पाइप आणि वायर कुठून गेल्या आहेत, हे सगळं एका फायलीत ठेवा आणि ती फाइल घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. घर पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला ती मूळ दस्ताइतकीच लागणार आहे.